पोरगा परदेशात खेळेल, पण वस्तीचं नाव कुठल्या कागदावर असेल?

"मग भारतीय टीममध्येही आरक्षण ठेवा!"

हा टोमणा ऐकला नाही असा आंबेडकरी तरुण आम्हाला अजून भेटायचा आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आरक्षणाचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि वाद जिंकल्याच्या थाटात हात झटकतं. अलीकडे त्याला नवी जोड मिळाली आहे. एखादा भारतीय मुलगा किंवा मुलगी परदेशातल्या फुटबॉल क्लबात गेली की विमानतळावरचा फोटो फिरतो आणि खाली मजकूर येतो: याला कुणी कोटा दिला नाही, स्वतःच्या मेहनतीवर गेला, शिका जरा.

ठीक आहे, शिकू या. फुटबॉलपटू परदेशात कसा पोहोचतो ते पायरी-पायरीने पाहू. कोणती पायरी कुणी बांधली, कुणाच्या पैशाने बांधली आणि कुणाच्या पोरांसाठी ती मुळात बांधलीच नाही, हेही पाहू. आम्ही भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क भागात काम करणारे कार्यकर्ते आहोत. पायात खेळ असलेली दहा-बारा वर्षांची पोरं आमच्या रोजच्या पाहण्यात आहेत. त्यांना खोटं स्वप्न विकलं जाऊ नये आणि खरं स्वप्न त्यांच्या हातून निसटू नये, म्हणून हा हिशेब.

सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका मुलापासून करू. कोल्हापूरचा अनिकेत जाधव. जन्म २००० सालचा, वडील रिक्षाचालक. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक भारतात झाला तेव्हा भारतीय संघाच्या आघाडीच्या फळीत तो खेळला. त्यानंतर इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात सरावासाठी गेला. परत येऊन जमशेदपूर एफसीकडून आयएसएल खेळला.

ही गोष्ट सांगताना बातमीत दोन टोकं दिसतात. इकडे रिक्षा, तिकडे इंग्लंड. मधलं सगळं 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळलेलं. पण मधे काय होतं? मधे पुण्याची क्रीडा प्रबोधिनी होती. म्हणजे महाराष्ट्र सरकारची निवासी योजना. लहान वयात मुलं निवडायची आणि त्यांचं राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षक, मैदान हे सगळं सरकारी खर्चाने करायचं. आणि प्रबोधिनीच्याही आधी कोल्हापूर होतं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार अशा पेठेपेठेच्या संघांचं, शाहू स्टेडियमवर गर्दी करणारं कोल्हापूर. त्या शहरात फुटबॉल खेळायला अकादमीची फी भरावी लागत नव्हती. गल्लीतच संघ होता.

अनिकेतची जात कोणती हा आमचा प्रश्न नाही, आम्ही ती शोधायला गेलेलोही नाही. आमचा मुद्दा सरळ आहे. रिक्षाचालकाच्या मुलाला पोटभर सकस जेवण, बूट, हिरवं मैदान आणि शिकलेला प्रशिक्षक वेळेवर मिळाला, कारण राज्याने तो खर्च उचलला. मेहनत त्याचीच होती, त्यात शंका नाही. पण ती मेहनत करायला जागा सार्वजनिक पैशाने तयार झाली. आरक्षण म्हणजे तरी दुसरं काय? ज्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या आत येऊ दिलं नाही, ते दार राज्याने उघडून धरणं. तेव्हा टोमणा मारणाऱ्याला आमचं उत्तर असं: राष्ट्रीय संघातल्या अकरा जागांचं नंतर बोलू. आधी सांग, दहाव्या वर्षी मैदानावर कोण होतं आणि कुणाला कुंपणाबाहेर चेंडू आणून द्यायला उभं केलं होतं?

आता पुढची पायरी, सीमेवरची. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या, म्हणजे वेंकीजच्या मालकीचा आहे. पुण्यातल्या कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातलं भांडवल इंग्लंडचा क्लब विकत घेऊ शकतं. भांडवलाला वर्क परमिट लागत नाही. त्याच क्लबात खेळू पाहणाऱ्या भारतीय पायांना मात्र लागतं.

आणि हा परवाना केवळ खेळ बघून मिळत नाही. २००९ साली सुनील छेत्रीने लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार केला. क्लबला तो हवा होता. पण ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं, कारण त्या वेळच्या नियमानुसार खेळाडूचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात असायला हवा होता आणि भारत नव्हता. पुढे नियम बदलले, आता तिथे गुणांची पद्धत आहे. पण त्या गुणांतही तुमच्या देशाची क्रमवारी आणि तुम्ही ज्या लीगमधून येता तिचा दर्जा मोजला जातो. भारत शंभराच्या बाहेर. म्हणजे आमच्या पोराने कितीही गोल केले तरी त्याच्या पाठीवर देशाच्या महासंघाच्या नाकर्तेपणाचं ओझं असतं.

जातीची विटंबना आणि व्हिसाचा नकार एकच, असं आम्ही म्हणत नाही. त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण 'खेळात फक्त गुणवत्ता बघतात' असं छाती ठोकून सांगणाऱ्यांनी छेत्रीचं काय झालं ते जरूर आठवावं. भारताच्या सर्वोत्तम खेळाडूची गुणवत्ता लंडनच्या दारात अपुरी ठरली, कारण तो कुठे जन्मला हे आधी पाहिलं गेलं.

मग जे परदेशात पोहोचले ते कसे पोहोचले? अदिती चौहान ही गोलरक्षक २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात खेळली. ती इंग्लंडला गेली होती लफबरो विद्यापीठात शिकायला. तिच्या कर्तृत्वाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण या वाटेचं तिकीट काय आहे ते बघा: परदेशी विद्यापीठाचा प्रवेश, तिथली फी, तिथला राहण्याचा खर्च. आधी विद्यार्थी म्हणून पोहोचायचं, मग मैदानात उतरायचं. २०२२ मध्ये ज्योती चौहान आणि निजामाबाद जिल्ह्यातली सौम्या गुगुलोथ क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबकडे गेल्या. मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडे गेली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. या तिघी आधी गोकुळम केरळ या क्लबात दिसल्या, तिथून पुढे गेल्या. म्हणजे दोनच वाटा आहेत. एक, घरचा किंवा विद्यापीठाचा पैसा. दुसरी, देशात असा क्लब असणं जिथे खेळाडू जगाच्या नजरेस पडेल. आपल्या वस्तीतल्या मुलीकडे पहिली वाट नाही. दुसरी वाट महाराष्ट्रात कुठे आहे, दाखवा.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे, कारण आपल्या समाजातून परदेशी मैदानावर गेलेला माणूस काही आजचा नाही. १९११ साली भारताचा क्रिकेट संघ इंग्लंड दौऱ्यावर गेला. त्यात चांभार समाजातले पळवणकर बाळू होते. पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर मैदान राखणारा, इंग्रजांना नेटमध्ये चेंडू टाकणारा हा मुलगा. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. संघ एकामागून एक सामने हरत होता आणि हा एक माणूस बळी काढत होता. हाच माणूस हिंदू संघाकडून खेळायचा तेव्हा चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. चेंडू चालत होता, हात चालत नव्हता. गुणवत्ता जगाने मोजली, तरी घरात कप वेगळाच राहिला. 'एक पोरगा परदेशात गेला की जात संपली' म्हणणाऱ्यांना बाळूंचा कप दाखवा.

दुसरी आठवण बाबासाहेबांची. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बुद्धी तीच होती, ग्रंथालय तिथेच होतं, संपले होते पैसे. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, राजर्षी शाहूंची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, असं सगळं जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. बाबासाहेबांच्या तोलाच्या माणसालासुद्धा परदेशाची वाट एकट्या हुशारीवर कापता आली नाही. म्हणूनच पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून वेगळी तरतूद करायला त्यांनी भाग पाडलं. आपण गेलो म्हणजे समाज गेला, असं त्यांनी मानलं नाही. आपण ज्या अडचणीतून गेलो तिथे पूल बांधायचा, ही त्यांची रीत.

हा पूल फुटबॉलमध्ये बांधायचा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झाला आहे. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये जे काम सुरू केलं, त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. त्यांची मुलं होमलेस वर्ल्ड कपला परदेशात गेली. २०१६ मध्ये फिफाने संस्थेला विविधता पुरस्कार दिला. नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ मध्ये आला तो याच कामावरून. त्या सिनेमात जयंतीची मिरवणूक पाहून आपण शिट्ट्या वाजवल्या, ते बरोबरच होतं. पण आम्हाला त्याहून खोल लागलेला भाग वेगळा आहे. एका आदिवासी मुलीचा बाप तिच्या पासपोर्टसाठी ओळखीचा एक पुरावा मिळवायला वणवण फिरतो. खेळ येतो, निवड होते, अडतं कागदावर.

आणि होमलेस वर्ल्ड कपचा नियमच असा आहे की एका खेळाडूला तिथे आयुष्यात एकदाच खेळता येतं. स्पर्धेच्या हेतूच्या दृष्टीने तो नियम योग्य आहे, जास्तीत जास्त माणसांना संधी मिळावी म्हणून तो केलेला आहे. पण खेळाडूच्या बाजूने बघा. एकदा विमानात बसला, परदेशी मैदानावर देशाचा शर्ट घातला, परत वस्तीत उतरला. पुढे? पुढची पायरी देणं संस्थेच्या हातात नव्हतं. ती द्यायची होती राज्याने, महासंघाने, लीगने.

त्या पायऱ्यांचं काय झालं ते सांगतो. मुंबईत एके काळी रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्रा असे संघ होते. कामगाराचा मुलगा चांगला खेळला की नोकरीला लागायचा, घर उभं राहायचं. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुण्यात पुणे एफसी आला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्स आला आणि गेला. एफसी पुणे सिटीचं दुकान २०१९ मध्ये आवरलं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी तर महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा सोहळा केला. जाहिराती झाल्या, नेत्यांनी चेंडूला लाथ मारतानाचे फोटो काढले. एक दिवस दहा लाख मुलं खेळली. दुसऱ्या दिवशी कुठे खेळली, हे कुणी विचारलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं आणि गोकुळमच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचूनही न खेळता परतल्या. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच लटकवून ठेवला गेला. खुर्च्यांवर बसलेल्यांनी भांडायचं आणि खेळाडूंनी घरी बसायचं. ज्यांच्या घरी दुसरा आधार आहे ते एक हंगाम बसू शकतात. आपला पोरगा डिलिव्हरीची बॅग खांद्याला लावतो आणि मग परत येत नाही.

आता जेसल पार्काकडे या. चौपाटीवर उभं राहिलं की समोर खाडी, पुलावरून नायगावकडे जाणारी लोकल, मागे इमारतींच्या रांगा. या इमारतींत आणि आजूबाजूच्या वस्त्यांत वॉचमन राहतात, घरकाम करणाऱ्या बाया राहतात, सफाई कामगार राहतात, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत राबणारे राहतात. त्यांची पोरं फुटबॉल बघतात, मोबाइलवर मेस्सीच्या चाली पाठ करतात. खेळतात कुठे? उभ्या गाड्यांच्या मधल्या रस्त्यावर, काच फुटली की पळ. आणि टर्फवर खेळायचं तर तासाचं भाडं. कृत्रिम गवताचा तो चौकोन रात्री उशिरापर्यंत उजळलेला असतो. जाळीच्या आत ऑफिसातून सुटलेली माणसं खेळतात, जाळीबाहेर आपली पोरं बोटं अडकवून बघतात. इथे कुणी कुणाची जात विचारत नाही. विचारायची गरजच काय, भाडं विचारलं की काम होतं.

मैदानं गेली कुठे? शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. कायद्याच्या भाषेत त्यालाही आरक्षणच म्हणतात. गंमत बघा, या आरक्षणाविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही, कारण ते गुपचूप संपवता येतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने भूसंपादनाचं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण रद्द. म्हणजे मैदान गिळायला बुलडोझर लागत नाही, कचेरीत फाइल झोपवून ठेवली की पुरे. आपली पोरं ज्या दिवशी मैदानाला मुकतात त्या दिवशी कुठेही आवाज होत नाही.

मैदान नाही म्हटल्यावर तिथे दलाल उगवतो. मध्यंतरी घरकाम करणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या. मुलगा पंधरा वर्षांचा, खरोखर चांगला खेळणारा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की काही लाख भरा, युरोपातल्या क्लबात ट्रायल देतो, निवड झाली की तिथेच ठेवतो. ताई भिशीचे पैसे उचलायच्या तयारीत होत्या. असे प्रकार पुन्हा होणार, म्हणून नियम इथे स्पष्ट लिहितो. प्रत्येक कार्यकर्त्याने हे पाठ करून ठेवावं.

अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात नेण्यावर फिफाची बंदी आहे. अपवाद मोजके आहेत आणि भारतातून एकट्या जाणाऱ्या मुलाला ते सहसा लागू पडत नाहीत. त्यामुळे पंधरा वर्षांच्या पोराला 'तिथेच ठेवतो' म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा चोर. दुसरं, एजंटला फिफाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर तपासता येतात. तिसरं, देश ओलांडून क्लब बदलताना भारतीय महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र जावं लागतं. त्याशिवाय परदेशातल्या अधिकृत सामन्यात पाऊल टाकता येत नाही. चौथं सर्वांत महत्त्वाचं: दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद येते. तो आखाती देशांत किंवा मलेशियात नोकरीसाठी निघाला, तर १९८३ च्या कायद्यानुसार सरकारची वेगळी मंजुरी लागते. म्हणजे 'फुटबॉलसाठी शाळा सोड' असा सल्ला देणारा पोराच्या पायातच बेडी घालतो आहे. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश फुटबॉलपटूलाही लागू आहे, तेही पासपोर्टच्या पानावर.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहिलं तिथे येतो.

फिफाच्या नियमांत अशी तरतूद आहे की खेळाडूचा करार संपण्याआधी त्याला पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबाने घेतलं, तर त्या रकमेतला पाच टक्के वाटा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. बारा ते पंधरा या चार वर्षांसाठी दर वर्षी पाव टक्का, पुढच्या आठ वर्षांसाठी दर वर्षी अर्धा टक्का. समजा आपल्या वस्तीतला मुलगा पुढे कधी एक कोटीला परदेशी क्लबात गेला. बारा ते पंधरा वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबाचा वाटा होतो एक लाख रुपये. एक लाखात चेंडू येतात, बूट येतात, पंचवीस पोरांचा वर्षभराचा नाश्ता येतो. शिवाय खेळाडूने पहिला व्यावसायिक करार परदेशात केला तर त्याला घडवणाऱ्या क्लबांसाठी प्रशिक्षण भरपाईची वेगळी तरतूद आहे. नोव्हेंबर २०२२ पासून हा हिशेब करायला फिफाने क्लिअरिंग हाऊस सुरू केलं आहे. खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या क्लबात नोंदलेला होता, हे त्याच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीवरून ठरतं.

हा पैसा जगभरच्या छोट्या क्लबांना मिळतो. आपल्या वस्तीला मिळेल का? नाही मिळणार, कारण आपली वस्ती कागदावर नाही. ज्या काकांनी पोराला रस्त्यावर पास द्यायला शिकवलं, ज्या मंडळाने वर्गणी काढून बूट घेतले, त्यांची कुठेच नोंद नाही. पोरगा चौदाव्या वर्षी एखाद्या मोठ्या अकादमीने उचलला की त्याच्या नोंदीची पहिली ओळ त्या अकादमीच्या नावाने सुरू होते. त्याआधीचं सगळं आयुष्य पुसलं जातं. आपल्या माणसांचे श्रम दुसऱ्याच्या खात्यात जमा होणं, ही या देशातली सर्वांत जुनी चोरी आहे. इथे ती कुणी जबरदस्तीने करत नाही. नोंद नसली की आपोआप होते.

म्हणून आमची पहिली मागणी सरकारकडे नाही, आपल्या मंडळांकडे आहे. क्लब नोंदवा. सात माणसं एकत्र आली की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. जयंतीचं मंडळ जे चालवतात त्यांना हे कागद नवे नाहीत. मग जिल्हा फुटबॉल संघटनेची संलग्नता, त्यातून राज्याची संघटना विफा, आणि महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीत प्रत्येक पोराचं आणि पोरीचं नाव. क्लबाच्या नावात वस्ती असू द्या. फुटबॉलच्या अधिकृत नोंदीत ते नाव एकदा गेलं की कुणाला खोडता येणार नाही.

याचा फायदा परदेशात जाणाऱ्या एकालाच आहे असं समजू नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. नेत्याच्या वाढदिवसाला भरवलेल्या 'भव्य चषका'चं प्रमाणपत्र तिथे रद्दी आहे. आपल्या भागातले पुढारी, आपल्या चळवळीतलेही, दर वर्षी असे चषक भरवतात. डीजे, टी-शर्टवर छातीभर फोटो, ढालीएवढी ट्रॉफी. त्या खर्चात क्लबाची नोंदणी, संलग्नता आणि वर्षभराचे चेंडू निघाले असते. पोरांच्या हातात ट्रॉफी दिली, नोंद दिली नाही.

काही ज्येष्ठ साथी म्हणतील, अत्याचाराची प्रकरणं पडून आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तुम्ही फुटबॉल काय घेऊन बसलात? त्यांना आमचं नम्रपणे सांगणं आहे की महाडला प्रश्न पाण्याच्या तहानेपुरता नव्हता. सार्वजनिक तळं सर्वांचं आहे, हे प्रत्यक्ष वापरून सिद्ध करायचं होतं. सार्वजनिक मैदान हे आजचं सार्वजनिक तळं आहे. जिथे आपली मुलगी संध्याकाळी सहा वाजता निर्धास्त खेळू शकत नाही, तिथे संविधानातली समता अजून पोहोचलेली नाही.

म्हणून पालिकेकडे आणि राज्याकडेही मागण्या आहेत. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत खेळाच्या मैदानासाठी राखीव भूखंड किती, ताब्यात किती, कलम १२७ च्या नोटिसा कितींवर आल्या, याची माहिती आपण माहिती अधिकारात मागू या. एक वस्ती, एक अर्ज. पालिकेच्या मैदानांवर नोंदणीकृत वस्ती क्लबांना रोज ठरावीक तास विनाशुल्क मिळावेत आणि त्यातले निम्मे तास मुलींचे असावेत, दिवा, स्वच्छतागृह आणि कपडे बदलायच्या खोलीसह. राज्य सरकार राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने दर वर्षी अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं. त्याच धर्तीवर अठरा वर्षं पूर्ण केलेल्या वंचित खेळाडूंसाठी परदेशी प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती हवी. कोल्हापूरला खेळाचं वेड लावणाऱ्या राजाच्या नावाला ती शोभेल. आणि येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या आधी एक दिवस वस्तीत कागदपत्रांचं शिबिर घ्या: जन्मदाखला, शाळेतल्या नावाची दुरुस्ती, जातीचा दाखला, पासपोर्टचा अर्ज. 'झुंड'मधला तो बाप आपल्या गल्लीत फिरू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

जेसल पार्कातला एखादा मुलगा, एखादी मुलगी उद्या परदेशी क्लबाचा शर्ट घालेल. घालावाच. त्या दिवशी बॅनर लावायला सगळे पक्ष रांगेत उभे राहतील आणि 'बघा, याला कुणी कोटा दिला नाही' म्हणणारेही ग्रुपवर फोटो टाकतील. तेव्हा आपल्याकडे दाखवायला बॅनर नको, नोंदवही हवी. बारा वर्षांचा असताना हा कुठे खेळत होता, कुणी शिकवलं, कुणाच्या मैदानावर, कुणाच्या पैशाने, याची तारखेसह नोंद.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. संघटित होण्याचा एक अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मिळतो. या आठवड्यात सात नावं ठरवा.

जयभीम!